मावशीचा किलो

पेटीत दोन्ही हात कोपरापर्यंत गेले की नाक खाजतं. हात बाहेर असताना नाक आहे हे आठवतसुद्धा नाही. पण एकदा का ते रबरी मोज्यांत अडकले, पायाखालचं पेडल दाबलं आणि आत रेती सुसाट सुटली, की नाकाच्या नेमक्या शेंड्यावर मुंगी चालायला लागते. सुरुवातीला मी समोरच्या काचेवर नाक घासून घ्यायची. काचेवर त्या जागी तेलकट गोल डाग पडलेला बघून चाचा म्हणाले, “बेटी, आतला माल साफ कराचा हाय. काच बाहेरून मी पुसतो.”

ही पेटी म्हणजे एक लोखंडी कपाटच. बघायला काच, हात घालायला दोन भोकं, आत एक नळी. कॉम्प्रेसरची हवा नळीतून रेती फेकते आणि ती रेती वस्तूवरचा गंज, रंग, काजळी खरवडून काढते. अकोल्यात डाळ मिलांच्या रांगेमागे चाचांची पत्र्याची शेड आहे, तिच्यात ही पेटी, आणि पेटीच्या भोकांत गेली काही वर्षं माझे हात. डाळ मिलच्या चाळण्या येतात. मोर्शीकडून संत्री निवडायच्या यंत्राचे रूळ येतात. एकदा धारणीहून एका जीपचा कार्बोरेटर आला होता, त्यात जीपपेक्षा रस्ता जास्त होता.

माझं माहेर देवगडकडे, खाडीच्या काठावर. हायस्कूल खाडीच्या पलीकडे. पावसाळ्यात होडी बंद आणि होडी चालू असली की गणित चालू. दोघांनी मिळून नववीत माझी शाळा सोडवली. लग्नानंतर नवऱ्याला इथल्या डाळ मिलमध्ये फिटरचं काम लागलं, म्हणून इतक्या लांब आलो. पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, आपण मेलोय आणि हे वरचं गाव आहे. फक्त वरच्या गावात सगळे इतक्या मोठ्यानं का बोलतात ते कळेना. आईला फोनवर माझ्या कामाचं समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हणजे थंय जावन तू भांडीच घासतंस मा?”

खोली दिली ती मावशीनं. मावशी म्हणजे आमची घरमालकीण. तिचा मुलगा गावाबाहेर भाजी पिकवतो आणि मावशी ती बाजारात बसून विकते. खोली बघायला गेलो तेव्हा तिनं कुठले कागद मागितले नाहीत. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “तुमी लोकं भाजीत खोबरं घालता म्हन्तेत, खरं हाय काय?”

मी गुन्हा कबूल करावा तसं हो म्हणाले.

“घाला बाप्पा. पन मले वानोळा आनून देऊ नोको.”

एवढ्यावर खोली मिळाली. महिन्याभरात मला ऊन लागलं तेव्हा हीच मावशी उशाशी कांदा ठेवून बसली होती. कैरीचं पन्हं पाजताना “पी, समुद्रावरची पोर तू, तुले पान्याचं काय भेव” असं म्हणत होती. काम मिळालं तेही तिच्यामुळेच. चाचा तिच्याकडूनच भाजी नेतात. त्यांचे वाडवडील कल्हईवाले, गावोगाव भांडी उजळून देणारे. कल्हई गेली आणि चाचांनी पेटी घेतली. पेटीवर माणूस हवा होता. मावशीनं मला ओढत नेलं. चाचांनी एकच प्रश्न विचारला.

“तुले भेव वाटते का?”

“कशाचं?”

“कशाचंबी.”

“वाटतं,” मी म्हणाले. खरंच वाटतं. मला गॅस बंद केला का याचं भय वाटतं आणि तो बघायला परत जाताना कुलूप लावलं का याचं.

“मंग उद्यापासून ये.”

माझ्या आधीचा माणूस शूर होता, हे मला नंतर कळलं. त्यानं एका स्कूटरचं इंजिनाचं झाकण पेटीत घातलं, सगळ्यात कडक रेती भरली, हवा होती नव्हती तेवढी सोडली आणि झाकणाची पुरणयंत्राची जाळी करून बाहेर काढली. तेव्हापासून चाचांना घाबरट माणूस हवा होता. पेटीचं सगळं शास्त्र दोन गोष्टींत आहे, काय फेकायचं आणि किती जोरात. आमच्याकडे तीन पोती असतात. एक भुरी रेती. ही टोकदार, गंजाबरोबर खालचं लोखंडही थोडं खाते. दुसरे काचमणी, साखरेहून बारीक आणि गोल. ते कापत नाहीत, नुसते टिचक्या मारतात. तिसरी अक्रोडाच्या टरफलांची भरड, तिनं तेलकट मळ निघतो आणि धातूला काही होत नाही. चाचांचं एक वाक्य पेटीच्या दारावर लिहिलेलं नाही, पण असल्यासारखं आहे. “मळ आपला, धातू गिऱ्हाइकाचा.”

आता वजनांचं.

मावशी अजून तराजूनं तोलते. दोन पारड्यांचा तराजू आणि लोखंडी वजनं तिच्या बापानं तिला लग्नात दिली. “लोकायनं पोरीले सोनं देल्लं, माह्या बापानं तोल देल्ला,” हे ती इतक्यांदा सांगते की आमच्या गल्लीतली लहान मुलंही चाल लावून म्हणतात. तिच्या शेजारी बाजारात एक कांदेवाला बसतो. तो तिला वैनी म्हणतो आणि दिराच्या हक्कानं बोलतो. एका वर्षी त्यानं लाल आकड्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, आणि काट्याबरोबर त्याला कंठही फुटला.

“वैनी, साबन झिजते, चप्पल झिजते. तुमचं वजन चाळीस वर्सांत झिजलं नसन काय?”

“तुयी जीभ झिजली काय?” मावशी म्हणाली.

गिऱ्हाइकं हसली. पण दुसऱ्या दिवशी एका शिक्षिकाबाईनं मावशीकडून किलोभर वांगी घेतली आणि तिच्या डोळ्यांदेखत ती कांदेवाल्याच्या काट्यावर नेऊन ठेवली. ही बाई रोजची. प्रत्येक खेपेला “वरून दोन मिरच्या टाक” म्हणणारी. कांदेवाल्यानं आकडा बघितला, चेहरा पाडला आणि पिशवी झटकन उचलून दिली. “हाय बरोबर.”

बरोबर होतं तरी मावशी त्या दिवशी जेवली नाही. “माह्या तोलाले आजपावतो कोनी बोट नाई लावलं,” एवढंच म्हणत होती. त्यातच वजनमापवाले बाजारात तपासणीला येणार असं कळलं. वजनं नीट भरली तर त्यांच्यावर नवा छाप, नाही भरली तर सगळ्या बाजारासमोर बाजूला. कांदेवाला म्हणाला, “पाहू आता वैनी.”

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी मावशी डोक्यावर टोपली घेऊन आमच्या शेडमध्ये आली. वर पालक, पालकाखाली वजनं. काळी कुळकुळीत, कोळशाच्या वड्यांसारखी.

“हे असे चमकव का थ्याच्या काट्याचे लाल डोळे दिपले पायजे,” ती म्हणाली आणि मग बोट वर केलं. “पन रतीभर कमी नाई झालं पायजे.”

धातू खरवडून काढायचं माझं काम आणि ज्याच्यातलं कणभर जरी गेलं तरी खोटं ठरतं अशी वस्तू माझ्या हातात. मी जर तिच्या किलोतून काही खाल्लं, तर चाळीस वर्षं खरं तोललेली बाई माझ्या हातानं लबाड ठरणार. आणि ही बाई माझी घरमालकीण. आणि मी इथे हिच्या जिवावर. हे मी तिला इतक्या शब्दांत सांगितलं नाही. मी म्हणाले, “चाचा येऊ दे, मग करू.”

“कवा येईन?”

“परवा. अमरावतीला भाचीच्या लग्नाला गेलेत.”

“वजनवाले उद्या येऊन राह्यले. थ्यायले सांगू काय, थांबा, भाई बिर्याणी खाऊन राह्यला?”

मी चाचांना फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता.

“चाचा, मावशी वजनं घेऊन आल्यात!”

“किसका वजन बढ़ गया?”

“वजनं! तोलायची! मावशीची! उद्या तपासणी आहे!”

चाचा बँडपासून लांब जात असावेत, कारण आवाज जरा उजळला. “सुन. पहले तोल. जशी आली तशी तोलून ठेव. मंग सोड्याच्या गरम पान्यात धू, नाई तं तेलानं पूरी भरड खराब होईन. छापवालं शिसं झाकून घे. भुरीले हात नोको लावू. अक्रोड ले. और हवा ढाई के ऊपर —”

इथे बँडवाल्यांना ते सापडले. मला ‘के ऊपर’पर्यंत ऐकू आलं. पुढे ‘नोको’ असणार हे नक्की होतं. पण एखादी गोष्ट नक्की आहे म्हणून मला ती नक्की वाटते असं नाही. मी परत फोन लावला. कुणा दुसऱ्याच माणसानं उचलला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि अदबीनं विचारलं, “आपने खाना खाया क्या?”

शेडमध्ये चाचांचा कल्हईच्या दिवसांपासूनचा कथील तोलायचा शौक अजून आहे, म्हणून एक छोटा काटा आहे, आकडे दाखवणारा. त्यावर एकेक वजन ठेवलं आणि जो आकडा आला तो पेटीच्या अंगावर खडूनं लिहिला. आकड्यांचा अर्थ काय ते बघायला मी थांबले नाही. चाचा म्हणाले तोल, मी तोललं.

मग धुणं. गरम पाण्यात सोडा टाकून वजनं बुडवली आणि पाणी बघता बघता डबक्यासारखं काळं झालं. मावशी घमेल्याशी उकिडवी बसून एकेक थर ओळखायला लागली. “हे टमाटं असन. हे पाय, ही मेथीची काडी, ही लय जुनी हाय, आता अशी मेथी येतच नाई.” किलोच्या बुडाशी असते ती पोकळ वाटी माती-पाल्यानं इतकी घट्ट भरली होती की ती लोखंडाचीच आहे असं वाटायचं. पेचकसानं ती वडी अख्खी सुटून आली, बुंदीच्या लाडवासारखी.

प्रत्येक वजनाच्या डोक्यावर एक भोक असतं, त्यात शिसं ओतलेलं आणि त्या शिशावर सरकारी छाप. शिसं मऊ, त्यावर नुसता वारा लागला तरी छाप पुसायचा. मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून त्यावर चिकटवले. रबराला पेटीतली रेती काही करत नाही, उसळून जाते. मावशी म्हणाली, “टिकल्या लावून राह्यली काय वजनायले?”

मग मी तिसऱ्या पोत्याचं तोंड सोडलं.

“हे काय?”

“अक्रोड.”

मावशी उभी राहिली. “लोखंडाले अक्रोड? आमाले बाळंतपनातबी नाई भेटले!”

“नुसती टरफलं आहेत मावशी.”

तिनं पोत्यात हात घालून चिमूट घेतली, वास घेतला आणि संशयानं माझ्याकडे पाहिलं. “मंग अंदरचा मगज कोनं खाल्ला?”

मी हवा सोडून कॉम्प्रेसरवरचा दाबाचा काटा बघायला लागले. मावशीही बघायला लागली.

“हे किती हाय?”

“अडीच किलो.”

“कशाचे?”

“हवेचे.”

मावशीनं त्या काट्याकडे व्यापाऱ्याच्या नजरेनं बघितलं. जिथे किलो आहे तिथे तिला बोलायचा हक्क आहे असं ती मानते. “अन् हे अडीच किलो खरं हाय, हे कोनी तपासाले येते काय?”

तेव्हापासून त्या काट्याबद्दलही मला शंका येते.

आधी शेडच्या दाराच्या मोडक्या कडीवर करून पाहिलं. नव्या मालावर पहिला फवारा कधी मारायचा नाही, टाकाऊ तुकड्यावर मारायचा, हा आमचा नियम. कडीचा काळेपणा गेला आणि कडी तशीच राहिली. मग किलोचं वजन आत ठेवलं. पेटी घरघरायला लागली. मावशीनं बाजूनं काचेला नाक लावलं. आता त्या काचेवर दोघींचे डाग आहेत.

अक्रोडानं तेलकट काळं भराभर निघालं. पण अक्षरांच्या खाचांतला गंज हलेना.

“हवा वाढव ना,” मावशी म्हणाली.

“नको.”

“थोडीशीच. पाव किलो.”

“मावशी, वाढवली तर अक्रोडाचं पीठ होईल, गंज नाही निघणार.”

“मंग थे दुसरं पोतं घे, भुरं. थे कडक दिसते.”

भुरी रेती घेतली असती तर दोन मिनिटांत आरसा झाला असता, आणि आरशाबरोबर वजनातलं काहीतरी गेलं असतं. मी भुऱ्या पोत्याकडे पाठ केली. पेटीतला अक्रोड सगळा उपसला, चाळला, पोत्यात परत भरला आणि काचमणी ओतले. तेवढ्यात मावशीनं टोपलीतला पालक निवडून दोन जुड्या बांधल्या. रिकामं बसणं तिला जमत नाही. काचमण्यांना हवा आणखी कमी केली, दोनच्या जरा वर. नळी वजनापासून वीतभर लांब, तिरकी, आणि एका जागी क्षणभरही थांबू द्यायची नाही. आई अंगणात सडा टाकते तसं. मणी खाचांतून टिचक्या मारत फिरले आणि गंज पिठासारखा उडायला लागला. आतून राखाडी, चांदीकडे झुकणारं लोखंड वर आलं.

अर्थातच नाक खाजलं.

“मावशी,” मी म्हणाले, “नाक.”

तिनं पदराचं टोक घेतलं आणि लहान मुलाचं पुसावं तसं माझं नाक खसाखसा पुसलं, गरजेपेक्षा जास्त. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला मात्र मी तिला सांगितलं नाही.

सगळी वजनं बाहेर काढून ओळीनं ठेवली. अक्षरं कोऱ्या नाण्यावरच्यासारखी दिसत होती. तिनं किलोवर बोट टेकवलं आणि लगेच मागे घेतलं, लग्नातल्या नव्या नवरीला बघावं तसं. “बापानं देल्लं तवा असंच होतं,” ती म्हणाली.

मी किलो काट्यावर ठेवला, आकडा बघितला, पेटीवरचा खडूचा आकडा बघितला, आणि परत काट्याचा.

कमी झालं होतं.

“काय झालं?”

“कमी झालं मावशी.”

“किती?”

“तेरा ग्राम.”

मावशीनं अर्धा किलो स्वतः ठेवला. तोही खडूपेक्षा कमी. सगळीच कमी. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मला आधार वाटला असता. मला एकदम सगळं दिसलं: बाजार, वजनमापवाले, कांदेवाल्याचं तोंड, आमची खोली, खोलीतली गादी गुंडाळलेली, आणि देवगडच्या स्टँडवर आई विचारतेय, “भांडी तरी नीट घासूक नाय मा?”

“थो मळ कुठी हाय?” मावशी म्हणाली.

“कुठला मळ?”

“वजनाचा. फेकला काय?”

मी फेकला नव्हता. घाबरट माणूस काही फेकत नाही. आम्ही दोघींनी घमेल्यातलं काळं पाणी जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळलं. गाळ कॉम्प्रेसरच्या गरम पाठीवर पसरून वाळवला. बुंदीच्या लाडवासारखी ती वडीही घेतली. सगळं एका फडक्यात बांधून पुरचुंडी केली. बेत मावशीचा होता आणि तेव्हा मला तो अगदी सरळ वाटला: तपासणीच्या साहेबांना वजन आणि पुरचुंडी दोन्ही द्यायचं आणि सांगायचं, हे बघा साहेब, ह्यातलं काही बाहेर गेलेलं नाही, सगळं इथंच आहे.

“मेथीची काडी घेतली ना?” मावशीनं विचारलं.

“घेतली.”

तेवढ्यात चाचांचा फोन आला. जेवण झालेलं असावं, आवाज तृप्त होता. मी रडत सगळं सांगितलं, पुरचुंडीसकट.

“किलो पहले कित्ता होता?”

“हजार चौदा.”

“अन् आता?”

“हजार एक!”

“बेटी, एक किलो में कितने ग्राम?”

“हजार,” मी म्हणाले. आणि मग मी काय म्हणाले ते मला ऐकू आलं.

चाचा हसायला लागले. मग त्यांनी तिथल्या लोकांना सांगितलं असावं, कारण अमरावतीतलं एक अख्खं लग्न माझ्या कानात हसलं. आधीची वजनं जास्त होती. मळानं जास्त झाली होती. आता खालचं बापानं दिलेलं लोखंड उरलं होतं आणि ते नेमकं होतं. वरचं ते एक ग्रामही काट्यावर सांडलेल्या कथिलाच्या भुशाचं. काटा पुसून किलो परत ठेवल्यावर तेही गेलं.

मला वाटलं, आता मावशी माझी दृष्ट काढेल. ती भुऱ्या रेतीच्या पोत्यावर बसली.

“म्हंजे मी जास्त देऊन राह्यली होती?”

“हो मावशी!”

“सगळ्यायले?”

“हो.”

“थ्या शिक्षिकाबाईलेबी? जे रोज म्हन्ते दोन मिरच्या टाक वरून?” तिचा आवाज चढत गेला. “थिलेबी जास्त? अन् वरून मिरच्याबी?” मग तिला आणखी काही आठवलं आणि ती उठून उभी राहिली. “थ्या कांदेवाल्याले मालूम होतं! थिची वांगी थ्याच्या काट्यावर जास्त भरली, म्हनून तोंड पडलं थ्याचं! पाह्यलं अन् बोल्ला नाई, मुडदा!”

निघताना मी वजनांना मशीनच्या तेलाचा हात लावायला घेतला, नाही तर कोरं लोखंड सकाळपर्यंत संत्र्यासारखं होतं. पण तेलाचंही वजन असतं. लावलं, पुसलं, परत पुसलं. मावशी म्हणाली, “आता पुसून पुसून तूच झिजशीन.”

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले. माझं तिथे काही काम नव्हतं. मी फक्त कोपऱ्यावर लिंबं बघत उभी होते. साहेबांनी आपल्या पितळी वजनांसमोर मावशीचं एकेक वजन ठेवलं. तराजूची जीभ मधोमध उभी राहिली. “कुठून आणली एवढी नवी?” त्यांनी विचारलं. मावशीनं माझ्याकडे हनुवटी केली. “जुनीच हायेत. थ्या पोरीनं अक्रोड चारले.” ठसा ठोकून शिशावर नवा छाप बसला, टक, टक, टक.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती.

पण कांदेवाला म्हणाला, “वैनी, बाहेरून चकचक, म्हंजे अंदरून कोरलं त नसन?” गिऱ्हाइकं चमकत्या वजनांकडे बघायला लागली. काळं वजन ओळखीचं होतं. हे पाव्हण्यासारखं दिसत होतं. आणि दोन दिवसांत शिक्षिकाबाई म्हणाली, “मावशी, तुमचा किलो आता पहिल्यासारखा भरत नाही हं.”

हे खोटं नव्हतं. मावशीला उलट बोलताही येईना. किलो खरा झाला तेव्हापासून लोकांना तो कमी वाटायला लागला होता. शिक्षिकाबाई वांगी घेऊन परत कांदेवाल्याच्या काट्यावर गेली, आकडा बरोब्बर हजार आला, तरी ती मान हलवत निघून गेली. आठवडी बाजाराला मावशीची अर्धी टोपली परत आली. मी खोलीत हळू चालायला लागले, भांडी आवाज न करता ठेवायला लागले. नवरा म्हणाला, “तू चोर आहेस का?” मी म्हणाले, “अजून ठरलं नाही.”

एका सकाळी मावशी दारात उभी राहिली. मला वाटलं, आलं ते. तिनं विचारलं, “थे पुरचुंडी हाय काय तुयाजवळ?”

मी फेकली नव्हती. ती शेडमध्ये पोत्यामागे होती. संध्याकाळी आणून दिली. मावशीनं ती तळहातावर ठेवून खाली-वर केली, डोळे मिटून, आणि परत माझ्या हातात दिली. “फेकून दे आता. समजलं मले.”

दुसऱ्या दिवसापासून तिनं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत किलोमागं थोडा सांबार टाकायला सुरुवात केली. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. न मागता, वरून, मुठीच्या एका ठरलेल्या वळणानं. शिक्षिकाबाईलाही. “आता कसा भरला?” गिऱ्हाइकं परत आली. कांदेवाल्याला सांबार टाकता येईना, कांद्यावर सांबार कोण टाकतं.

मी एकदा विचारलं, “मावशी, मूठभर म्हणजे नक्की किती टाकता?”

“जेवढा मळ होता तेवढा,” ती म्हणाली. “लोकायले सवय झाली हाय. मोडाची कायले?”

आता पावसाळे गेले, वजनं परत काळी पडत चाललीत, बुडाच्या वाटीत माती धरायला लागलीय. सांबार तरी चालूच आहे. परवा तिनं माझ्याही पिशवीत टाकला. मी शेडमध्ये गेले ती आधी काट्याजवळ. सांबार काढून ठेवला. सवय माझीही आहे. मळापेक्षा बराच जास्त भरला.

मावशीला मी ते सांगितलेलं नाही.